टेबलाखालचा हीटर, गरम टॉप आणि ‘मोठा एमसीबी टाकून घेऊ’

पत्र : ऑफिसात एसीची झडप बरोबर माझ्या खुर्चीवर आहे. पाय गारठतात म्हणून टेबलाखाली २००० वॅटचा ब्लोअर ठेवलाय. तो एक्स्टेन्शन बोर्डला लावते. त्याच बोर्डला कॉम्प्युटर, मॉनिटर आणि फोनचा चार्जरही आहे. माझं बघून ओळीतल्या दोघींनी हीटर आणले, एक १५०० वॅटचा आणि एक १००० चा. आता दिवसातून एकदा तरी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो आणि आमच्या ओळीतले सगळे कॉम्प्युटर बंद होतात. एमसीबीवर ‘सी १६’ लिहिलंय. संध्याकाळी हीटरचा टॉप, म्हणजे प्लग, काढताना तो चांगलाच गरम लागतो. परवा तिथून मासळीसारखा वास आला, मला वाटलं कुणीतरी काही खातंय. ऑफिसचं म्हणणं, एमसीबी मोठा टाकून घेऊ. एक सहकारी म्हणतो ऑइल हीटर घ्या, तो सुरक्षित असतो आणि वीजही कमी खातो. नेमकं काय करावं?

उत्तर : तो वास कुणाच्या खाण्याचा नव्हता. टॉप आणि सॉकेट ज्या कडक प्लास्टिकचे बनतात, त्यातली काही प्लास्टिकं प्रमाणाबाहेर तापली की अगदी असाच वास सोडतात. तेव्हा पुढचं वाचण्याआधी तो हीटर त्या बोर्डवर लावणं थांबवा. थंड झाल्यावर टॉप काढा आणि उजेडात धरून बघा. तिन्ही पिना सारख्याच दिसतात का? बहुतेक वेळा एकच पिन काळवंडलेली किंवा निळसर झालेली असते, आणि बोर्डवर नेमकं त्याच पिनेचं भोक तपकिरी पडलेलं किंवा किंचित वितळून वाकडं झालेलं असतं. असं दिसलं तर तो एक्स्टेन्शन बोर्ड सरळ टाकून द्या. पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावायची नाही. टॉपही वायरमनकडून बदलून घ्या. दोन्ही एकदम बदलायचे, कारण जळका टॉप नव्या सॉकेटला बिघडवतो आणि जळकं सॉकेट नव्या टॉपला.

आता हे होतं कसं, ते आकड्यांतच बघू. पुरवठा २३० व्होल्टचा धरला तर २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो. सॉकेटच्या आत पिनेला दोन्ही बाजूंनी पकडणारी पितळी पट्टी असते. ती घट्ट असेल तर सांध्यात रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जवळजवळ नसतोच. रोज टॉप काढून-घालून पट्टी सैल झाली आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा रोध आला, तर करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्या एका बिंदूवर साडेसात वॅटहून जास्त उष्णता तयार होते. साडेसात वॅट म्हणजे एका छोट्या एलईडी दिव्याएवढी वीज, पण वाटाण्याएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये कोंडलेली आणि सलग सहा-सात तास. तापली की पट्टी आपला ताण सोडते, आणखी सैल होते, पितळेवर काळा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. फोनचा चार्जर त्याच सैल सॉकेटात वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो, कारण त्याचा करंट हीटरच्या मानाने अगदीच नगण्य असतो.

या सगळ्यात एमसीबीला काहीच कळत नाही, ही गोष्ट तुमच्या ऑफिसात प्रत्येकाला माहीत असायला हवी. सैल सांध्यामुळे करंट वाढत नाही, उलट कणभर कमीच होतो. एमसीबी फक्त करंट मोजतो. आरसीसीबी असेल तर तो जमिनीत गळणारा करंट पकडतो, पण गरम टॉप त्यालाही दिसत नाही. म्हणजे टॉप वितळेपर्यंत दोघंही शांत बसू शकतात. टॉप गरम झाला हे ओळखणारं एकमेव उपकरण तुमचा हात. हीटर अर्धा तास पूर्ण जोरावर चालला की हाताची मागची बाजू टॉपच्या प्लास्टिकला लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवून दहापर्यंत शांतपणे मोजता येत नसेल तर बंद करायचं.

मग एमसीबी पडतो तो कशामुळे? तो वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याबाबतीत एमसीबी आपलं काम चोख करतोय. तीन हीटर मिळून ४५०० वॅट, त्यात सहा-सात कॉम्प्युटरचे ६००-७०० धरा. एकूण ५१०० ते ५२००, म्हणजे साडेबावीस अँपिअरच्या आसपास. ‘सी १६’ मधला १६ हा आकडा अँपिअरचा. सी हे अक्षर फक्त क्षणिक धक्का किती सोसायचा ते सांगतं. पण १६ अँपिअरचा एमसीबी सतराव्या अँपिअरला पडत नाही. १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत तो तासभर न पडता राहतो, आणि १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअरच्या पुढे गेला तर तासाभरात पडलाच पाहिजे, अशी त्याची रचना असते. तुमचा लोड बरोबर या दोन आकड्यांच्या मध्ये. म्हणून तो सकाळी तग धरतो, थर्मोस्टॅट एखादा हीटर मध्येच बंद करतो तेव्हा श्वास घेतो, आणि तिघींचे हीटर एकदम चालू असताना कुणी लेझर प्रिंटरला मोठी प्रिंट दिली की पडतो. प्रिंटरमधला कागद तापवणारा रोलर चालू होताना सहज हजार वॅट मागतो. ‘कधीही पडतो, काही नेम नाही’ असं वाटतं त्याचं कारण हे.

मोठा एमसीबी टाकायला ठाम नकार द्या. एमसीबी असतो भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी. नळीतून गेलेल्या अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरला साधारण २० ते २४ अँपिअर पेलतात, दीड एमएमला त्याहून बरेच कमी. तिथे ३२ चा एमसीबी बसवला तर तो ३६ अँपिअर तासभर निवांत वाहू देईल. पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं. त्यापुढे ते आधी मऊ, मग ठिसूळ होतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, कुणालाही न दिसता. एमसीबी मोठा करायचाच असेल तर एमसीबीच्या बोर्डापासून सॉकेटपर्यंतची भिंतीतली वायर आधी बदलावी लागते. नुसता एमसीबी बदलणं म्हणजे सारखी वाजते म्हणून धोक्याची घंटा काढून ठेवणं.

योग्य उपाय फार अवघड नाही. कोणता पॉइंट कोणत्या एमसीबीवर आहे ते आधी शोधा. सुट्टीच्या दिवशी किंवा काम संपल्यावर एकेक एमसीबी खाली करायचा आणि कुठले सॉकेट मेले ते टेबलवार कागदावर लिहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण आपल्या टेबलाचा पॉइंट कुठून येतो हे बहुतेक ऑफिसांत कुणालाच ठाऊक नसतं. त्यानंतर हिशेब : १६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे ३६८०, आणि तासन्‌तास चालणारा लोड त्याच्या ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे २९०० वॅटच्या आत ठेवायचा. एका एमसीबीवर एकच हीटर, तोही कमी जोराच्या बटणावर, हा नियम यातूनच येतो. कॉम्प्युटरच्या लाइनवर हीटर नकोच. यूपीएसमधून आलेल्या सॉकेटवर तर चुकूनही नको. तो लोड यूपीएसला झेपत नाही आणि बॅटरीही काही मिनिटांत बसते.

हीटर थेट भिंतीतल्या मोठ्या, १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला लावायचा. एक्स्टेन्शन बोर्ड नाही, मल्टिप्लग नाही, तीन पिनांचं दोन करणारं अडॅप्टर तर नाहीच नाही. एक्स्टेन्शनच्या वायरवर ०.७५ एमएम छापलेलं असेल तर तिची क्षमता ६ अँपिअरची, १ एमएमची १०, दीड एमएमची १६. बाजारातले पुष्कळसे बोर्ड पहिल्या प्रकारातले असतात, आणि त्यांवर ८.७ अँपिअर म्हणजे दीडपट ओझं. वायर जास्त लांब म्हणून गुंडाळी करून टेबलामागे खोचली असेल तर आणखी वाईट, कारण गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांना हवाच लागत नाही. १६ अँपिअरची रीळ पूर्ण गुंडाळलेली असताना साधारण हजार वॅटपुरतीच धरतात, हे त्या रिळेवरच छापलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. वायर गालिच्याखालून, दाराच्या फटीतून किंवा खुर्चीच्या चाकांखालून नेऊ नका. चाकाखाली आतली एकेक तार तुटत जाते, आणि उरलेल्या चार तारांतून तोच आठ-नऊ अँपिअर वाहतो.

आता ऑइल हीटरबद्दल. तुमचा सहकारी अर्धा बरोबर आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरंचसं खरं : ऑइल हीटरमध्ये उघडी लाल तार नसते, तेल बंद पात्रात असतं, ते जळत नाही, फक्त उष्णता फिरवतं. वीज कमी खातो हे मात्र खरं नाही. हीटर कुठलाही असो, आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णताच होते. १००० वॅटचा ब्लोअर आणि १००० वॅटचा ऑइल हीटर तासाला एकच युनिट घेतात आणि खोलीला तेवढीच उष्णता देतात. फरक वेगाचा आहे. ऑइल हीटरला अंगात यायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि बंद केल्यावरही तो बराच वेळ उष्ण राहतो. त्याचं अंग धातूचं, त्यामुळे अर्थिंग नीट असलेलं थ्री-पिन सॉकेट त्याला हवंच. आडवा नेला असेल तर उभा करून काही वेळ ठेवल्यावरच चालू करावा, म्हणजे तेल खाली उतरतं आणि तापणारा रॉड कोरडा राहत नाही. पंखांखाली तेलाचा ओला डाग दिसला तर तो हीटर वापरातून बाद.

ब्लोअरच घ्यायचा असेल तर सिरॅमिक, म्हणजे पीटीसी प्रकारचा बघा. त्याच्या सिरॅमिकचा रोध ठरावीक तापमानापुढे एकदम वाढतो. समोर कापड किंवा पिशवी येऊन हवा अडली तर तो स्वतःच कमी वीज घेऊ लागतो. साध्या तारेच्या ब्लोअरला ही अक्कल नसते. तो सगळा भार आतल्या कटआउटवर, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणाऱ्या खटक्यावर, टाकतो. म्हणून साध्या ब्लोअरचा कटआउट वायर जोडून ‘बायपास’ करून देणाऱ्या दुरुस्तीवाल्यापासून चार हात लांब राहा. कटआउट सारखा पडत असेल तर जाळी धुळीने भरली आहे, पंखा मंदावला आहे किंवा हीटर कोपऱ्यात कोंडला आहे. त्यातलं कारण शोधायचं. लाल रॉडचा हीटर ऑफिसात टेबलाखाली नको. लालभडक दिसणारी तार ७०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते, आणि टेबलाखाली ओढणी, पिशवी, कागदाची टोपली यांतलं काहीतरी असतंच.

जागा ठरवताना मोकळ्या अंतराचा नियम ३ फुटांचा, म्हणजे जवळपास एक मीटर. अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन हेच अंतर सांगते. मोजपट्टी घेऊन टेबलाखाली बसलात तर लगेच कळेल की बहुतेक टेबलांखाली समोर, बाजूला आणि वर एवढी जागा निघतच नाही. म्हणजे ब्लोअरची जागा मुळात टेबलाखाली नाही, शेजारच्या मोकळ्या फरशीवर आहे, येण्याजाण्याची वाट सोडून. जाड गालिच्यावर ठेवला तर तो कलतो, आणि बुडाशी असलेलं पडताक्षणी बंद करणारं बटण नीट काम करत नाही. ते बटण सारखं बंद करतं म्हणून काही जण त्याला चिकटपट्टी लावतात. तुमच्याकडे तिघींच्याही हीटरचं बूड उलटं करून बघा. चाचणी सोपी आहे : चालू हीटर थंड भागाला धरून एका बाजूला कलता करा. लगेच बंद झाला पाहिजे. नाही झाला तर परत करा.

कपडे, ओल्या छत्र्या, बूट वाळवायला हीटर वापरायचा नाही, त्याच्यावर काही ठेवायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पाऊस आला की सगळे विसरतात. बरेच महिने बंद असलेला हीटर पहिल्यांदा लावण्याआधी जाळीतली धूळ व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने काढा. दमट जागी पडून असलेला ऑइल हीटर लावताच आरसीसीबी पडला, तर ‘आरसीसीबी खराब आहे’ असा निष्कर्ष काढू नका. तापणाऱ्या रॉडमधली पांढरी भुकटी, मॅग्नेशियम ऑक्साइड, ओलावा ओढून घेते आणि करंट हीटरच्या धातूच्या अंगाकडे गळू लागतो. त्याचा इन्सुलेशन रोध वायरमनकडून मोजून घ्या, मगच वापरा.

बंद करण्याचाही क्रम असतो. ब्लोअर भिंतीवरच्या बटणाने एकदम बंद केला तर पंखाही थांबतो आणि तापलेली तार आतल्या प्लास्टिकला भाजत बसते. आधी खटका फक्त पंख्यावर आणा, एक-दोन मिनिटं गार हवा येऊ द्या, मग हीटर बंद, मग भिंतीचं बटण, आणि शेवटी टॉप बाहेर. चालू लोडवर टॉप ओढला की आत ठिणगी पडते आणि मघाशी सांगितलेल्या पितळी पट्टीवर दर वेळी एक काळा ठिपका वाढतो. टायमर किंवा मोबाइलवरून चालू होणारा स्मार्ट प्लग लावून ‘मी येईपर्यंत टेबल गरम’ ही युक्ती नको. समोर माणूस नसताना हीटर चालू होणं हेच टाळायचं आहे. दहा मिनिटांच्या मीटिंगला उठलात तरी बंद करायचा, कारण मीटिंग दहा मिनिटांत संपत नाही.

टॉपमधून धूर दिसला तर टॉपला हात लावायचा नाही, थेट एमसीबी खाली करायचा. विझवायला कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर. पाणी नाही.

तुमचं ऑफिस कागदाचं दिसतं, पण शेजारी गोदाम किंवा कार्यशाळा असेल तर तिथे हीटर वापरण्याची ही मुभा आपोआप लागू होत नाही. थिनर, पेट्रोल, चिकटवायचं रसायन, स्पिरिट यांची वाफ असेल तिथे साधा हीटर नेऊच नये. अ‍ॅसिटोनची वाफ ठिणगीशिवाय नुसत्या ४६५ अंशांना पेट घेते, आणि लाल तार त्याहून कितीतरी तापलेली असते. लाकडाचा भुसा, पीठ, कापसाचे तंतू उडतात तिथेही तेच. आणि बंद खोलीत गॅसची, रॉकेलची किंवा कोळशाची शेगडी कुठेच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं जड होऊन झोप येते, आणि माणसाला ती थकव्याची वाटते.

आता मूळ दुखण्याकडे. तुम्हाला थंडी वाजते ती हवेच्या झोताने, आणि झोताला उत्तर हीटर नाही. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापून मानेच्या उंचीवर, मग घोट्याजवळ धरा. सतत एकाच दिशेला हलत असेल तर झोत तिथूनच येतोय. झडपेच्या पट्ट्या फिरवून किंवा तिच्याखाली पारदर्शक आडोसा बसवून झोत छताच्या बाजूला वळवता येतो. अनेकदा एवढ्यानेच काम होतं. टेबल दोन फूट सरकवणं त्याहून सोपं. उलट हीटर लावला की एक गंमत होते. एसीचा तापमान मोजणारा सेन्सर तुमच्या जवळच्या भिंतीवर किंवा हवा परत ओढणाऱ्या जाळीत असेल, तर त्याला तुमच्या हीटरची ऊब लागते. त्याला वाटतं खोली तापली, आणि तो आणखी गार हवा सोडतो. एक टन एसी म्हणजे सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. तुमच्या तीन हीटरची ४५०० वॅट बाहेर फेकायला सव्वा टनाहून जास्त एसी खर्ची पडतो. ऑफिस एकाच वेळी तापवण्याचं आणि गार करण्याचं बिल भरतंय.

झोत वळवूनही पाय गारच राहिले तर खोली तापवू नका, पाय तापवा. पायाखाली ठेवायची गरम मॅट ६० ते १५० वॅटची असते, टेबलाच्या आतल्या बाजूला उभं करायचं रेडिएंट पॅनेल १०० ते २०० वॅटचं. १५० वॅट म्हणजे ०.६५ अँपिअर. एमसीबीला ते जाणवतही नाही आणि टॉप कोमटसुद्धा होत नाही. आमचा कौल याच बाजूला आहे. एकच काळजी : महिनोन्‌महिने पोटऱ्यांवर मंद उष्णता लागत राहिली तर भाजल्याशिवायही त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. डाग दिसू लागले तर अंतर वाढवा, आणि ते जात नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी मॅट वापरूच नये. त्यांना चटका लागलेला कळतच नाही.

ऑफिसला लिहिताना ‘थंडी वाजते, परवानगी द्या’ एवढंच लिहिलंत तर उत्तर मोठ्या एमसीबीचंच येईल. त्याऐवजी थर्मामीटर टेबलावर तीन दिवस ठेवा, सकाळ, दुपार आणि संध्याकाळचं तापमान लिहा, टिश्यूची पट्टी कुठे हलली ते लिहा, एमसीबीचा नकाशा जोडा आणि तीन गोष्टी मागा : झडपेला आडोसा, त्या एमसीबीवरचे हीटर काढून तीन टेबलांना कमी वॅटच्या मॅट, आणि जळक्या टॉपमागच्या भिंतीतल्या सॉकेटची वायरमनकडून उघडून तपासणी. शेवटची मागणी तोंडी नको, लेखीच करा, आणि सॉकेटचा फोटो सोबत लावा.